तापाची गुणवत्ता यादी

जॉन्जू शहरातल्या त्या उच्च माध्यमिक शाळेत फ्लूचा विषाणू फार शिकला-सवरलेला होता. उगाच कुणाच्याही घशात शिरायचा नाही. आधी पोराचे ऑक्टोबरचे मार्क बघायचा, नव्वदच्या वर असतील तरच डिसेंबरच्या परीक्षेच्या तोंडावर त्याला धरायचा, आणि शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी आपण होऊन चालता व्हायचा. इतका समजूतदार जंतू शाळेची आरोग्य शिक्षिका प्यो मी-रान हिने चोवीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता.

या समजूतदारपणाचं मूळ शाळेच्या नियमावलीत होतं. साथीच्या रोगामुळे कुणी डिसेंबरच्या परीक्षेला बसू शकलं नाही, तर ऑक्टोबरच्या परीक्षेत जितके मार्क पडले तितकेच त्याला पुन्हा द्यायचे, पुरेपूर. वर हजेरीपटावर त्याची गैरहजेरी 'हजर' म्हणूनच मांडायची. नुसतं पोट दुखलं किंवा पाय मोडला तर मात्र ऐंशी टक्केच मार्क. त्यामुळे या शाळेत पोट कुणाचंच दुखत नसे. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता हो. आजारी पोरांनी मार्कांच्या धास्तीने वर्गात येऊन बाकीच्यांना आजार वाटू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण आईबापांची डोकी नियम करणाऱ्यांपेक्षा दोन पावलं पुढे असतात, हे ते विसरले.

दर शुक्रवारी दुपारी मी-रानला शिक्षण कार्यालयाकडे एक तक्ता पाठवावा लागे. कोणता रोग, किती मुलं, मागच्या आठवड्यापेक्षा कल वर की खाली. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात फ्लूचे सत्तावीस रुग्ण निघाले. तिने सहज म्हणून शेजारी मार्कांची यादी ठेवून पाहिली. सत्तावीसपैकी बावीस जण पहिल्या तीस नंबरांतले. कार्यालयातल्या तरुण साहेबाचा कौतुकाचा फोन आला, की तुमच्या शाळेत एकही बाधित मूल वर्गात बसत नाही, सगळी कशी वेळेवर घरी जातात. मी-रान हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

रुग्णांच्या आयांचे फोन तर ऐकण्यासारखे असत. दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला पहिल्या नंबरचा बांग थे-गॉन, त्याच्या आईने गुरुवारी कळवलं की आमच्या थे-गॉनला येत्या सोमवारपासून फ्लू आहे. ताप किती आहे असं मी-रानने विचारलं. आई जरा थांबली आणि म्हणाली की अजून आलेला नाही, पण घरात सगळ्यांना तशी शंका आहे. हाच थे-गॉन त्या संध्याकाळी बसस्टॉपजवळ लाल घेवड्याचं सारण भरलेले मासे, म्हणजे त्या आकाराचे पाव, तीन-तीन खाताना मी-रानला दिसला. तिला पाहून तो खोकला. खोकला पाठ केलेला होता, पण बिचाऱ्याने मेहनत घेतली होती.

हे झालं हुशारांचं. ज्यांना ऑक्टोबरात पन्नासच्या आत मार्क पडले होते, त्यांची प्रकृती मात्र ठणठणीत. अंगात एकोणचाळीस डिग्री सेल्सिअस ताप असला तरी ठणठणीत. कारण घरी बसले तर तेच पन्नास पुन्हा नशिबी. मग ही पोरं सकाळी तापाची गोळी गिळायची, गाल लाल दिसू नयेत म्हणून पावडर लावायची आणि दात वाजत असले तरी बाकावर येऊन बसायची. म्हणजे जे आजारी ते वर्गात आणि जे धडधाकट ते आजारी, असा सगळा मामला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. मी-रानचं काम जात्याचे फेरे मोजून शुक्रवारी वर कळवायचं.

असल्या नोकरीत माणसाची जीभ कडू होते आणि नजरही. पोर कण्हत आली तरी मी-रान आधी मनात तिचे मार्क आठवायची, मग नाडी धरायची. आपल्याला कुणी फसवू शकत नाही, असा तिला अभिमान होता.

त्याच गुरुवारी तिसऱ्या तासाला शिम यॉन-दू तिच्या खोलीत आली. आली म्हणजे वर्गशिक्षकाने हाकलली, कारण तिच्या खोकल्यापुढे त्यांना शिकवता येईना. दुसऱ्या वर्षाची मुलगी, अंगाने काटकुळी, गप्प स्वभावाची. आई कोंब आलेल्या सोयाबीनचं सूप-भात विकणाऱ्या खानावळीत पहाटे पाचपासून उभी. पोरीला खोकल्याची उबळ आली की संपायचीच नाही. एकामागून एक दहा-बारा ठसके, चेहरा काळानिळा, आणि शेवटी श्वास आत ओढताना असा लांबलचक आवाज की ऐकणाऱ्याचाच जीव घुसमटावा. मग ती कोपऱ्यातल्या बेसिनकडे धावली आणि ओकली.

तो आवाज पाठ करता येत नाही. मी-रान शाळेत येण्याआधी बालरुग्णांच्या वॉर्डात परिचारिका होती. तिथे हा आवाज तिने ऐकला होता. डांग्या खोकला. गेली दोन वर्षं तो मोठ्या मुलांत पुन्हा डोकं वर काढत होता. तान्हेपणी टोचलेल्या लसीचा जोर या वयात ओसरतो, आणि या वयात पुन्हा टोचून घ्यायला कुणाला क्लासमधून सवड नसते.

मी-रानने तिला सांगितलं की आजच दवाखान्यात जायचं, औषध सुरू झालं की पाच दिवस घरी बसायचं, शाळेचं तोंड बघायचं नाही. यॉन-दूने मान हलवली. नाही म्हणाली. सोमवारी गणित आहे, मंगळवारी इंग्रजी. ऑक्टोबरात गणितात त्रेचाळीस आणि इंग्रजीत एकावन्न पडलेत. घरी बसले तर पुन्हा तेच. मग नर्सिंगचं कॉलेज विसरायचं. तिला नर्स व्हायचं होतं, हेही तिने खालमानेने सांगून टाकलं, जणू गुन्हाच कबूल करत होती.

मी-रानची कडू जीभ सुटली. "मग ऑक्टोबरात त्रेचाळीस पाडायला कुणी सांगितलं होतं? तेव्हा अभ्यास करायला काय झालं होतं?"

यॉन-दूने तोंड पुसलं. "तेव्हा ताप होता, बाई. गणिताच्या पेपराआधी मी तुमच्याकडे आले होते."

"माझ्याकडे?"

"तुम्ही काहीतरी लिहीत होतात. वर बघितलं नाहीत. म्हणालात, परीक्षेचा ताप आहे, सगळ्यांना येतो, गोळी घे आणि जाऊन बस. मी जाऊन बसले."

आवाजात तक्रार नव्हती. बस किती वाजता सुटली हे सांगावं तसं तिने सांगितलं. मी-रानला काही म्हणजे काही आठवेना. तिने ऑक्टोबरची नोंदवही काढली. तारीख होती. नाव होतं. खाली तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: डोकेदुखी, अंग दुखणे, एक गोळी दिली, वर्गात परत पाठवले. तापमानाचा रकाना कोरा. त्या आठवड्यात त्या वर्गातल्या अकरा मुलांना खराखुरा फ्लू झाला होता, हे पुढच्याच पानावर तिनेच नोंदवलं होतं. पहिली रुग्ण तिच्या समोर उभी राहिली होती आणि तिने मान वर केली नव्हती.

आपल्याला कुणी फसवू शकत नाही म्हणणारी बाई खऱ्यालाच खोटं समजून बसली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि फाशीच्या दोरीला गाठही तिचीच. मी-रानला शरमेने कानशिलं तापल्यासारखी वाटली. आज तिने स्वतःचा ताप मोजला असता तर तोही निघाला असता.

ती उठली. पोरीला दोन मास्क लावले, एकावर एक, आणि स्वतः तिला घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टर गुककडे गेली. शाळेतल्या सत्तावीस रुग्णांपैकी एकोणीस जणांचे दाखले याच दवाखान्यातून आले होते. डॉक्टरांनी यॉन-दूचा खोकला ऐकला आणि त्यांची खुर्ची आपोआप मागे सरकली. नाकातून नमुना घेतला, रविवारपर्यंत निकाल येईल म्हणाले, औषध आजपासूनच सुरू. औषधाचे पाच दिवस मंगळवारी पुरे होणार. बुधवारी मुलगी शाळेत येऊ शकेल. बुधवारी नीतिशास्त्राचा पेपर होता.

यॉन-दू बाहेर गेल्यावर मी-रानने त्यांच्यापुढे पदर पसरला म्हणा ना. ऑक्टोबरात या पोरीला फ्लू होता, चूक माझी आहे, वर्गातली पुढची अकरा मुलं तुम्हीच तपासलीत, तर त्या तारखेचा एक दाखला द्या. तो दाखला मिळाला तर ऑक्टोबरचे मार्क रद्द होतील, आणि दोन्ही परीक्षा हुकल्या म्हणून बरी झाल्यावर तिचा वेगळा पेपर घ्यावा लागेल.

डॉक्टर गुकनी चष्मा काढून पुसला. "मागच्या तारखेचा दाखला? प्यो बाई, आमच्या व्यवसायाला काही नीतिमत्ता आहे की नाही?"

"एकोणीस दाखले दिलेत या आठवड्यात. त्यातल्या किती जणांना ताप होता?"

"ते लक्षणांवरून दिलेत. आईवडिलांनी लक्षणं अतिशय व्यवस्थित सांगितली होती."

पुढची तारीख चालते, मागची विटाळते, असं त्यांचं सोवळं होतं. बाहेरच्या टेबलावर त्यांची मदतनीस नव्या दाखल्यांवर शिक्के मारत बसली होती. मी-रानने नमस्कार केला आणि निघाली.

शुक्रवारी दुपारी गुण समितीची बैठक बसली. मी-रान धरून सात जण, मध्ये उपमुख्याध्यापक मेंग सर. मेंग सर कधी आवाज चढवत नसत; नाही म्हणायचं असलं की ते अधिकच मऊ बोलत. मी-रानने आदल्या संध्याकाळी लिहून आणलेलं निवेदन पुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं की माझ्या दुर्लक्षामुळे एक आजारी विद्यार्थिनी परीक्षेला बसली, मी तिचा ताप मोजला नाही, तिचे ऑक्टोबरचे गुण आजारपणातले आहेत, तरी ते धरू नयेत. खाली सही. सोबत नोंदवहीच्या पानाची प्रत.

सगळ्यांनी ते वाचलं. कुणीतरी चहा ओतला. मेंग सर म्हणाले की बाईंच्या प्रामाणिकपणाबद्दल आपल्या सर्वांना आदर आहे. हे ऐकल्यावरच मी-रानला कळलं की काम झालं नाही.

"पण हे मान्य केलं, तर उद्या शाळेतला प्रत्येक पन्नासवाला ऑक्टोबरात आजारी होता असं निघेल," मेंग सर म्हणाले.

"आणि आत्ता प्रत्येक नव्वदवाला आजारी निघतोय, त्याचं काय?"

"त्यांच्याकडे दाखले आहेत, बाई."

मग मी-रानने दुसरी वाट धरली. पोरीला वेगळ्या खोलीत बसवा. माझ्या खोलीत. खिडक्या उघड्या टाकते, मीच पहारा करते, बाकी कुणाचा संबंध येणार नाही. मेंग सरांनी नियमावली उघडली. वेगळी खोली फक्त नोंद झालेल्या बाधित विद्यार्थ्याला देता येते. आणि नोंद झालेल्या बाधित विद्यार्थ्याला शाळेच्या आवारात पाऊल टाकता येत नाही. म्हणजे खोली होती, तिच्यात बसायची पात्रता असलेलं माणूस तेवढं तिथे पोचू शकत नव्हतं. समितीतल्या संगीताच्या सरांना यात काहीतरी चुकतंय असं वाटलं, त्यांनी तसं तोंडही उघडलं, पण मग चहा प्यायले.

ठराव सहा विरुद्ध एक असा फेटाळला गेला. मी-रानचं निवेदन मात्र वाया गेलं नाही. कामात कसूर केल्याची लेखी कबुली म्हणून ते तिच्या सेवापुस्तकात लागलं.

रविवारी दुपारी दवाखान्यातून निकाल आला. डांग्या खोकलाच. मी-रानने यॉन-दूच्या आईला फोन लावला. मागे भांड्यांचा खणखणाट, ऑर्डरींचा आरडाओरडा. निकाल तिच्याही फोनवर आला होता. मग आई हलक्या आवाजात बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बाई, ऑक्टोबरात तुम्ही बघितलं नाहीत ना? तसंच सोमवारी आणि मंगळवारी दोनच दिवस बघू नका. तेवढं करा. पोर मास्क काढणार नाही, मी शपथ घालते तिला."

मी-रान बघते म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं.

ती दुपार तिने स्वयंपाकघरात नुसती बसून घालवली. करता येण्यासारखं होतं, हे खरं दुखणं होतं. दवाखान्याची सूचना सरकारी पद्धतीने शाळेत पोचायला मंगळवारची संध्याकाळ झाली असती. तोवर कुणाला काही कळलं नसतं. सकाळी फाटकावर उभं राहून दुसरीकडे बघायचं, एवढंच काम. अठ्ठावीस मुलांच्या वर्गात पाच-सहा तापकरी एरवीही बसतातच की, गोळ्या गिळून. त्यांत एक खोकला. या पोरीचं देणं लागतो आपण, आणि ते फेडायची संधी पायाशी चालून आलीय.

पण यॉन-दूच्या पुढच्या बाकावर गाँग उन-बी बसायची. गेल्या आठवड्यात हीच उन-बी बोट कापलं म्हणून पट्टी लावून घ्यायला आली होती आणि पट्टी राहिली बाजूला, फोनवर भावाचे फोटो दाखवत बसली होती. सतरा वर्षांनी भाऊ झाला होता तिला. वीस दिवसांचा. मूठभर तोंड आणि त्यात एवढी मोठी जांभई. उन-बी म्हणाली होती की शाळेतून गेल्या गेल्या मीच त्याला घेते, आईला तेवढीच झोप मिळते. वीस दिवसांच्या पोराला या रोगाची लस अजून टोचलेली नसते. मोठी माणसं खोकतात तरी. इतकं लहान मूल खोकतसुद्धा नाही, नुसतं श्वास घ्यायचं विसरतं. वॉर्डातल्या दिवसांत मी-रानने असं एक मूल हातात धरलं होतं. ते निळं पडलं ते पुन्हा गुलाबी झालंच नाही. तिला ते आठवायचं नव्हतं.

सोमवारी आठच्या आधीच ती फाटकावर जाऊन उभी राहिली. कडाक्याची थंडी. मुलं वह्या वाचत, ओठ हलवत आत शिरत होती. कुणाचे गाल पावडरीखाली लाल होते, ते तिला दिसत होते, आणि आज तिने प्रत्येकाच्या कपाळाला तापमापक लावायचा सपाटा चालवला. चौघांना बाजूला काढलं. चौघंही पन्नासच्या आतले. एक मुलगा तिथेच रडायला लागला. मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवरून मेंग सर हे बघत होते. त्यांनी हाताने खूण केली की पुरे.

त्याच गर्दीत थे-गॉनची आई मुलाचा दाखला स्वतः द्यायला आली होती. दोन्ही हातांनी पाकीट पुढे करून, कमरेत वाकून ती म्हणाली की या थंडीत तुम्ही मुलांची किती काळजी घेता. मी-रानने पाकीट घेतलं. दाखला निर्दोष होता, शिक्का ठळक.

यॉन-दू सगळ्यांत शेवटी आली. दोन मास्क, वर मफलर, हातात गणिताची वही. तिने तीन दिवस घरी खोकून-खोकून पाठ केलेली सूत्रं वहीच्या कडेला लाल शाईने लिहिली होती. फाटकापासून दहा पावलांवर ती थांबली. तिथेच तिला उबळ आली. ती भिंतीकडे तोंड करून, मफलर तोंडावर दाबून, गुडघ्यांत वाकून खोकत राहिली. मी-रान तिच्याजवळ गेली. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं. ठेवला.

"तू आत नाही जायचंस, यॉन-दू. उन-बीच्या घरी वीस दिवसांचं बाळ आहे."

यॉन-दूने मान हलवली. तिला माहीत होतं. तिलाही फोटो दाखवले होते उन-बीने. श्वास जुळायला वेळ लागला, मग ती सरळ उभी राहिली.

"बाई, ऑक्टोबरात तुम्ही चुकलात, तेव्हा मार्क माझे गेले. आज तुमचं बरोबर आहे. तरी मार्क माझेच जातात."

मी-रानने तोंड उघडलं. क्षमा कर, एवढंच बोलायचं होतं तिला. ते ती बोललीही, पण त्याच वेळी घंटा झाली आणि ते पोरीच्या कानांपर्यंत पोचलं की नाही कुणास ठाऊक. यॉन-दूने वही दप्तरात घातली. शिक्षकांना करतात तसा कमरेतून वाकून नमस्कार केला आणि रस्ता ओलांडून बसस्टॉपवर गेली. तिथे एक म्हातारी आणि कडेवर मूल घेतलेली एक बाई उभी होती. यॉन-दू त्यांच्यापासून लांब, कठड्याच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली. बस आली. आत खच्चून गर्दी. दार उघडलं, म्हातारी चढली, मूलवाली चढली. ड्रायव्हरने हिच्याकडे पाहिलं. तिने हातानेच जा म्हणून सांगितलं.

बस गेल्यावर ती थोडा वेळ तिथेच थांबली, मग मफलर नाकावर ओढून घराच्या दिशेने चालायला लागली. घर सात किलोमीटर होतं. आत वर्गात शिक्षकांनी हजेरी घेतली आणि नियमाप्रमाणे तिच्या नावापुढे हजर असं लिहिलं.